पिशवी कुठाय?

रात्री पावणेबाराला तुझा मेसेज आला. सर, एकाच एक्सरेवर तीन सिनियरनी तीन मतं दिली, एक म्हणतो कॉक्स, म्हणजे टीबी, एक म्हणतो जुना डाग, तिसरे म्हणतात मॅलिग्नन्सी, म्हणजे कॅन्सर, सोडू नका, मग आपण फिल्म वाचतो म्हणजे नक्की करतो काय? फोटो मोठा करून पाहिला मी. उजव्या एपेक्सला, फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला, सावली आहे आणि तिघांनाही जे वाटलं ते वाटण्यासारखंच आहे. पण एवढ्या लांबलचक मेसेजमधे एक गोष्ट कुठेच नाही. त्या पेशंटची पिशवी कुठाय?

कुठली पिशवी ते विचारू नको. कापडदुकानाचं नाव छापलेली, फुगलेली, आत जुन्या फिल्म, रक्ताचे रिपोर्ट, गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि कुठल्यातरी बाबाचा अंगारा. आपल्याकडे माणसं रेशनकार्ड हरवतील पण एक्सरे जपतात, गादीखाली नाहीतर कपाटावर. दमटपणाने फिल्म एकमेकीला चिकटतात, कोपऱ्यावर पिवळ्या पडतात, तरी चालतं. एका फिल्ममधे सावली दिसते अगं, सावलीचं वय दिसत नाही. पोरगं वाढतंय का हे एका फोटोवरून सांगता येत नाही, त्याला दारावर पेन्सिलने केलेली मागच्या वर्षीची खूण लागते. तुम्ही तिघंचौघं बिनखुणेच्या दारापुढे उभं राहून उंचीवर भांडताय.

हो, खाणाखुणा असतात. हायलम, म्हणजे फुफ्फुसाचं मूळ, वर ओढलेलं, ट्रेकिया, म्हणजे श्वासनळी, त्या बाजूला सरकलेली, कॅल्शियमचे ठिपके, मग जुनं असेल. जाड भिंतीची कॅव्हिटी, म्हणजे पोकळी, सीटीत ट्री-इन-बड, म्हणजे कळ्या फुटलेल्या फांदीसारखे ठिपके, मग चालू असेल. हे तुला पाठ आहे, मी परत शिकवत नाही. पण 'असेल' आणि 'आहे' यांच्यामधे ती पिशवी असते.

माझं सांगतो. १९९८. उसाच्या फडावरचा माणूस, पन्नाशीचा, चिठ्ठीवर लिहिलेलं खांदा दुखतो, दहा वर्षांपूर्वी टीबीची ट्रीटमेंट पूर्ण. उजव्या एपेक्सला पांढरट टोपी. मी लिहून टाकलं, जुना बरा झालेला कॉक्स. अर्धं मिनिट लागलं असेल. आठ महिन्यांनी तोच माणूस परत आला, हात बारीक झालेला, फिल्मवर पहिली बरगडी कुरतडलेली. पॅनकोस्ट, फुफ्फुसाच्या टोकाचा कॅन्सर. तेव्हा मी पिशवी मागितली. तीन वर्षांपूर्वीची फिल्म निघाली, तिच्यात टीबीचे डाग होते, पण डाव्या बाजूला. उजवं एपेक्स स्वच्छ. त्याची बायको म्हणाली, मागच्या टायमाला पण आणली होती की, मांडीवरच होती, कुणी मागितली नाही.

आता तू म्हणशील आठ महिने आधी कळून तरी काय झालं असतं, तिथे त्या काळात. मीपण स्वतःला हेच सांगत आलोय. त्या दिवशी सत्तर फिल्म होत्या, डार्करूमचा माणूस रजेवर, ओल्या फिल्म क्लिपांना लटकतायत, खाली पाणी टपकतंय, बाहेर लोकांना साडेचारची एसटी गाठायची, आणि टीबीची हिस्टरी असलेल्या माणसाच्या एपेक्सला सावली म्हटल्यावर कुणीही तेच लिहिलं असतं. सगळं खरं आहे. पण पिशवी दाराबाहेर बाकड्यावर होती, आणि दार माझ्यापासून चार पावलांवर.

त्यानंतर मी हट्टी झालो, लोक म्हणतात म्हातारा चक्रम आहे. एका सेंटरने तर मला नारळ दिला, का तर रिपोर्ट उशिरा निघतात, पेशंटला घरी फोन करून गादी उचलायला लावतात हे. दिला तर दिला. मी काय रिपोर्ट अडकवून नव्हतो ठेवत, आणि तूही ठेवू नको. थुंकी आजच सीबीनॅटला, टीबीच्या जंतूच्या तपासणीला, गेली पाहिजे, त्याला पिशवीची वाट बघायची गरज नाही. २०२१च्या मे महिन्यात म्युकरचे, काळ्या बुरशीचे, पेशंट येत होते, तेव्हा कोणी जुना एमआरआय शोधत बसलं नाही, बसायचंही नसतं. पण रिपोर्टात 'तुलनेसाठी जुनी फिल्म मागवली आहे' एवढी ओळ लिहायला काय पैसे पडतात? ते 'क्लिनिकली कोरिलेट करा', म्हणजे लक्षणांशी ताडून तुम्हीच बघा, असं लिहून हात झटकतात तसं नाही, खरंच फोन करायचा.

आणि हे सगळं ऐकून एक्सरेवरचा विश्वास उडवून बसू नको, तुझा स्वभाव माहितीये मला. २०१९ ते २०२१मधे देशभर टीबीचा सर्व्हे झाला, त्यात पक्क्या सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के नुसती लक्षणं विचारली असती तर सुटलेच असते, छातीच्या एक्सरेमुळे हाती लागले. फिल्म हेरते चांगली. वय सांग म्हटलं की अडते. मणक्याच्या टीबीचंही तेच, गोळ्या सुरू करून तीन महिने झाले, बाई जिना चढायला लागली, आणि नवा एमआरआय बघून कुणीतरी घाबरून म्हणतं वाढलंय. अरे, आधीचा शेजारी लावा, आणि बाईला चालताना बघा! साधा न्यूमोनियाचा डागसुद्धा ताप गेल्यावर पाच-सहा आठवडे रेंगाळतो, तो दहाव्या दिवशी तसाच दिसला म्हणून अँटिबायोटिक बदलणारे मी पाहिलेत.

तीन मतं ऐकून तुला झोप आली नाही हे मला आवडलं, ते तिघं बहुतेक मस्त झोपले असतील. तिघांत कोण बरोबर ते मला विचारू नको, मी सांगणार नाही, कारण मला माहीत नाही, आणि आता या वयात मला ते म्हणायची लाज वाटत नाही.

उद्या त्याच्या मुलाला फोन कर. 'जुने रिपोर्ट आहेत का' असं नको विचारू, ते नाही म्हणतात, त्यांना वाटतं कागद मागतायत. विचार, बाबांचा आधी कधी छातीचा फोटो काढला होता का, नोकरीला लागताना, हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी, कधीही. गादीखाली बघायला सांग, कपाटावर, ट्रंकेत. सापडली तर खिडकीच्या उजेडात धरून फोटो काढून मला पाठव, फ्लॅश बंद कर, आणि कोपऱ्यातली तारीख दिसू दे.