फलकावर ‘क्षारयुक्त निचरा’ लिहावं का?

वणी भागातल्या एका शिक्षकांनी विचारलं आहे : कोळसा खाणीतून नाल्यात येणाऱ्या ॲसिडच्या पाण्याला ‘क्षारयुक्त निचरा’ म्हणता येईल का? ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहायचं आहे.

सर, ‘क्षारयुक्त’ अजिबात नको. आपल्याकडे क्षार म्हटलं की शेतकऱ्याला अकोला-अमरावतीकडचा पूर्णेचा खारपाणपट्टा आठवतो. तिथल्या सोडियमनं बिघडलेल्या जमिनीला जिप्सम देतात. आम्ल पाण्याला मात्र चुना लागतो. तुमचा फलक वाचून कोणी वावरात जिप्सम टाकून बसेल. ‘आम्लारी’ही टाळा; तो आम्लाचा अरी, म्हणजे नेमका उलटा पदार्थ.

‘आम्ल’ हाच शब्द घ्या. कोळशात आणि त्याच्या जोडीच्या दगडात पायराइट असतं, म्हणजे लोखंड आणि गंधक यांचं खनिज. खाण उघडली की त्याला हवा-पाणी लागतं आणि गंधकाम्ल तयार होतं. काही जिवाणू ही क्रिया फार झपाट्यानं घडवतात. सुटलेलं लोह पुढे नाल्याच्या तळाशी पिवळसर-तांबडा गाळ होऊन बसतं.

माझी खरी हरकत ‘निचरा’ला आहे. काळ्या मातीत कपाशी घेणाऱ्यासाठी निचरा ही चांगली गोष्ट. ‘निचऱ्याची जमीन’ हे तर कौतुकच. इथे पाणी ओबीच्या, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडाच्या, ढिगाऱ्यांतून झिरपत येतं, म्हणून ‘आम्लपाझर’ म्हणा. पाझर तलावामुळे पाझर शब्द गावोगाव ठाऊक आहे. पंपानं उपसून सोडलेलं असेल, तर सरळ ‘खाणीचं आम्ल पाणी’.

पण लिहिण्याआधी पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, मोजून घ्या. माती परीक्षणामुळे हा शब्द शेतकऱ्यांच्या ओळखीचा आहे. सात म्हणजे उदासीन. पिण्याच्या पाण्याला ६.५ ते ८.५ चालतो, आणि सामू एकनं उतरला की आम्लता दहापट होते. सगळ्याच खाणींचं पाणी आम्ल नसतं. चुनखडीतून वाहत आलं तर आम्ल मरतं, पण सल्फेट उरतं आणि पाणी जड होतं. अशा पाण्याला बायामाणसं ‘खारं’ म्हणत असतील, तर त्यांचा शब्द खोडू नका. नुसता सामू सात आला म्हणून ते पाणी पिण्याजोगं ठरत नाही.

सामू खरंच कमी निघाला, तर फलकावर एवढं पुरे : ‘या नाल्यात खाणीचा आम्लपाझर येतो. पाणी पिऊ नये, जनावरांना पाजू नये.’