चार किलो चटणी कुणासाठी?

चिऊ,

तुझा व्हॉइस मेसेज सकाळी उठल्या उठल्या ऐकला, मग ऑफिसला जाताना गाडीत परत एकदा ऐकला. मागनं आज्जीचा आवाज येत होता, "आगं त्येला हात लावू नगस, वलं हाय अजून!" ह्यूस्टनच्या ट्रॅफिकमध्ये सिग्नल सुटला तरी मी तसाच थांबलेलो, मागच्यानं हॉर्न मारला तेव्हा निघालो.

तुझं म्हणणं असं की आज्जी कोल्हापुरात घरात एकटी राहते, पापड, चटणी, लोणचं सगळं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, मग एवढ्या उन्हात ती चार किलो चटणी आणि दोन डबे कुरडया कशाला करते आणि खाणार कोण. आणि तीन दिवस घरात कसला तरी आंबट वास येत होता तो कसला.

वासाचं आधी सांगतो कारण ते सोपं आहे. ते गहू. कुरडईसाठी गहू तीन दिवस पाण्यात भिजत घालतात, पाणी रोज बदलायचं, तरी ते आंबतात आणि वास मारतोच, मी लहान असताना त्या तीन दिवसात मित्रांना घरी आणायचो नाही. चौथ्या दिवशी ते वाटून, गाळून पांढरा चीक काढायचा, रात्रभर झाकून ठेवायचा, सकाळी वर आलेलं पाणी हळूच ओतून टाकायचं, की खाली घट्ट चीक राहतो. मग पातेल्यात जेवढा चीक तेवढंच पाणी, मीठ, हिंग, आणि उकळी आली की एकानं ओतायचं आणि दुसऱ्यानं लाटण्यानं ढवळत राहायचं, हात थांबला की गुठळी झालीच. हे सगळं पहाटे. तुला पाच वाजता उठवलं म्हणून तू चिडलीस ना, पण सोऱ्यातनं घातलेल्या कुरडईला पहिल्या दिवशी सकाळपासनं संध्याकाळपर्यंत अख्खं ऊन मिळालं पाहिजे, वरची साल त्याच दिवशी सुकली पाहिजे, नाहीतर रात्रीत बुरशी धरते. आणि एक सांग, गरम चीक खाल्लास का? वाटीत घेऊन वर कच्चं तेल नाहीतर गूळ. नसशील खाल्ला तर आज्जीवर रागावणारे मी.

(आज्जी "मी वाळत घालतो", "मी येतो" असं बोलते त्याला हसू नकोस. तिचं व्याकरण चुकत नाही, कोल्हापुरात बायका असंच बोलतात. माझी आज्जी पण तशीच बोलायची. पुण्याची लोकं हसतात, हसू देत.)

आता खरा प्रश्न, कशाला करते.

तू मे संपता संपता तिकडं पोचलीस म्हणून तुला शेवटची घाई बघायला मिळाली. 7 जूनच्या आसपास मृग नक्षत्र लागतं आणि मग कधीही पाऊस येतो, त्याच्या आधी वळवाचा एखादा तडाखा ठरलेला, दुपारी चारपर्यंत कडक ऊन आणि साडेचारला आभाळ काळं. त्या वेळेला पेठेतल्या सगळ्या गच्च्यांवर एकदम पळापळ सुरू होते, कुणाचे पापड, कुणाच्या मिरच्या, आणि जिच्या लक्षात येईल ती शेजारणीला हाक मारते. खरं तर ही कामं मार्चमध्येच सुरू होतात, आज्जीनं बाकीचं सगळं कधीच उरकलंय, फक्त कुरडया आणि चटणी तू येणार म्हणून मागं ठेवली. हे तिनं तुला सांगितलं नसणार, मला फोनवर सांगितलं.

तुला कोल्हापूरचा पाऊस माहीत नाही गं. आपल्याकडं पाऊस येतो, रस्ते तुंबतात आणि दोन दिवसात परत ऊन. तिकडं जुलै-ऑगस्टमध्ये सूर्य आठ आठ दिवस दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरतं, काड्याची पेटी पेटत नाही आणि बाजारात भाजी आली तरी निम्मी सडलेली आणि दाम दुप्पट. म्हणून उन्हाळ्यातलं ऊन डब्यात भरून ठेवायचं. ह्याला आपल्यात बेगमी म्हणतात. पावसाळ्याची बेगमी. सांडगे, पापड, भरून वाळवलेल्या मिरच्या, आमसुलं, कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेले गहू-ज्वारी, एरंडेलाचा हात लावलेली तूरडाळ. गुळाचा रवा तर थंडीतच आणून ठेवलेला असतो, रवा म्हणजे उपम्याचा नाही, गुळाच्या ढेपेला कोल्हापुरात रवा म्हणतात.

तू म्हणशील आता फ्रीज आहे, दुकानं आहेत. बरोबर आहे. पण 2019 च्या ऑगस्टमध्ये काय झालं ते तुला आठवणार नाही, तू अगदी लहान होतीस. पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोक्याची 43, आणि त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, पुण्याकडनं काही येईना, जवळपास आठवडाभर रस्ता बंद. दूध नाही, भाजी नाही, आणि गंमत बघ, सगळीकडं पाणीच पाणी पण नळाला थेंब नाही कारण पाणी उपसायचे पंपच पुरात बुडालेले. आज्जीचं घर उंचावर म्हणून वाचलं, पण आत्तीच्या नणंदेचं घर गेलं पाण्यात आणि ती सहा माणसं आज्जीकडं राहायला आली. मी इथं रात्रभर फोन घेऊन बसलेलो, लाईन लागेना, तिसऱ्या दिवशी लागली तर मी घाबरत विचारतोय आई खायला काय आहे, आणि ती म्हणते, "का? आज कुरडईची भाजी केलीया, काल झुणका केला. तू जेवलास का?"

म्हणजे ती सात माणसं त्या डब्यांवर जेवत होती. तेव्हापासनं मी तिला "एवढं कशाला करतेस" असं विचारायचं बंद केलं. त्याच्या आधी दरवर्षी विचारायचो बरं का, आणि भांडायचो पण.

तरी तू म्हणतेस ते थोडं खरं आहे. दुकानातले पापड वाईट नसतात. शेवया आज्जीनं कधीच सोडल्या, आता बचत गटाच्या बायकांकडनं घेते आणि चांगल्या असतात. तिचे गुडघे दुखतात, जेवढं कमी तेवढं बरं असं मलाही वाटतं. फक्त चटणी ती सोडणार नाही, आणि ती सोडावी असं मलाही वाटत नाही, स्वार्थ समज.

चटणी म्हणजे डोशाबरोबरची नाही हे आता तुला कळलं असेल. कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा लसणाची लाल चटणी, जी भाजीत, आमटीत, रश्शात, सगळ्यात पडते. आपल्या घरचं माप लिहून ठेव: दोन किलो मिरची, त्यात रंगाला ब्याडगी जास्त आणि तिखटाला संकेश्वरी कमी. ब्याडगीच्या अंगावर सुरकुत्या असतात, ती हावेरीकडची, लालभडक पण तिखटाला गरीब. एक किलो कांदा, अर्धा किलो लसूण, अर्धा किलो धने, पाऊण किलो खोबरं, पाव किलो तीळ, मग जिरं, खसखस, लवंग, दालचिनी, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, हे सगळं थोडं थोडं आणि वेगवेगळं तळून. मीठ. हे सगळं मिळून चार किलोच्या वर जातं, म्हणजे आज्जीनं काही जास्त केलेलं नाही, मिरच्या दोनच किलो होत्या.

मिरच्या लक्ष्मीपुरीत जाऊन आणायच्या, उन्हात अशा वाळवायच्या की हातात धरून हलवलं की आत बिया खुळखुळल्या पाहिजेत, मग देठं काढायची. देठं काढायचं काम मुलांचं. मी एकदा देठं काढून तसाच डोळा चोळला होता, ते आज्जी अजून सगळ्यांना सांगते, तुलाही सांगितलं असेलच. मग डंकावर कुटायला न्यायचं. तिथं लोखंडी मुसळं वर-खाली होत असतात, आत गेलं की पहिल्या मिनिटात शिंक, दुसऱ्या मिनिटात खोकला, सगळ्या बायका पदर नाकाला लावून रांगेत बसलेल्या, आणि प्रत्येकीचं लक्ष आपल्याच डब्यावर, कारण आधीच्या बाईची चटणी उखळात राहिली आणि आपल्यात मिसळली तर? प्रत्येक घराचा वास वेगळा असतो आणि प्रत्येकीला वाटतं आपलाच बरोबर. घरी आणल्यावर गरम असते, ती परातीत पसरून गार करायची, मग बरणीत दाबून भरायची, मध्ये मध्ये हिंगाचे खडे ठेवायचे म्हणजे किडा लागत नाही, आणि तोंडाला दादरा बांधायचा. दादरा म्हणजे ते पांढरं फडकं, तू फोटोत "जारची टोपी" म्हणालीस ते.

आता ती चार किलो कुणाची ते मोज. एक किलो आपली, तुझ्या बॅगेतनं येणार. एक पुण्याला आत्तीकडं. अर्धा किलो त्या नणंदेकडं, पुरानंतर दरवर्षी जाते. अर्धा किलो शेजारच्या वहिनींची, त्यांना आता होत नाही. थोडी कामाला येणाऱ्या मावशींना. उरली ती आज्जीची, आणि त्यातनं पण कुणी जेवायला आलं आणि छान म्हणालं की वाटीभर कागदात बांधून देते. आणि हे एकीकडनंच नसतं. वहिनींच्या झाडाची कैरी लोणच्याला येते, मावशी गावाकडनं आजरा घनसाळ तांदूळ आणतात, काय वास असतो त्याला! तू विचारलंस ना की वहिनींचा डबा परत देताना आज्जीनं त्यात चार केळी का टाकली, तर आपल्यात रिकामं भांडं परत पाठवत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात.

पापडाच्या दिवशी तर पैशाचा विषयच नसायचा. आज आमच्याकडं, उद्या तुमच्याकडं, बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन यायच्या आणि आम्ही पोरं लाट्या चोरून तेलात बुडवून खायचो. कावळ्यांना हाकलायचं काम माझं, हातात काठी, काठीला काळं फडकं. कावळ्यांपेक्षा जास्त पापड मीच खाल्ले असतील, अर्धे वाळलेले, कडेला कडक आणि मध्ये मऊ.

मी इथं करून बघितलं होतं, तुला सांगितलं नाही कधी. तुझ्या जन्माच्या आधी, जुन्या अपार्टमेंटच्या बाल्कनीत, यूट्यूब बघून कुरडया घातल्या. जुलै महिना, ऊन तर कोल्हापूरपेक्षा कडक. पण ह्यूस्टनची हवा एवढी दमट की संध्याकाळी बोट लावलं तर चिकट, दुसऱ्या दिवशी चिकट, तिसऱ्या दिवशी काळे ठिपके. अर्ध्या खारीनं नेल्या. वर अपार्टमेंटच्या ऑफिसचं मेल, बाल्कनीत काही वाळत घालू नये म्हणून. आज्जीला सांगितलं तर ती हसून हसून बेजार, म्हणाली, "आरं नुसतं ऊन असून काय उपेग, वारं कोरडं नको व्हय?"

आता दोन-तीन कामं सांगतो. आज्जी परड्यात मृगाला दोडका, घेवडा, काकडी टोकणार, तेव्हा बरोबर जा. बिया राखेत घोळून डब्यात ठेवलेल्या असतात. तिनं मागच्या वर्षीचा एक दोडका मुद्दाम वेलावरच वाळू दिलाय बियांसाठी, त्याची जाळी अंग घासायला मागून घे. बिया मात्र बॅगेत घालू नकोस, एअरपोर्टवर काढून घेतील. चटणी तीन पिशव्यांत बांध आणि कपड्यांच्या मध्ये ठेव. मागच्या वेळी माझे ऑफिसचे सगळे शर्ट लाल झाले होते.

आणि रात्री जी वाकळ पांघरतेस ना, इथं गोधडी म्हणतो आपण, ती माझ्या आज्जीनं शिवलीय, तिच्या लुगड्यांची. चारी कडांनी सुरुवात करून धावदोरा घालत आत आत जायचं, असे तिला दोन उन्हाळे लागले होते, दुपारी पापड वाळत पडले की त्यांच्यावर लक्ष ठेवत शिवत बसायची. वाकळीच्या एका कोपऱ्यात खाकी रंगाचा तुकडा आहे. माझी चौथीतली शाळेची चड्डी, रंकाळ्याच्या काठावर घसरून पडलो तेव्हा फाटलेली. कुठल्या कोपऱ्यात ते मला आठवत नाही. सापडला की फोटो पाठव, आज्जीला विचारू नकोस, तू शोध.

पप्पा