बाराही महिने छान दिसणारी बाग कशी करायची?

प्रश्न: ताई, घरासमोर छोटीशी बाग आहे. हिवाळ्यात इतकी सुंदर दिसते की येणारेजाणारे थांबून बघतात, पण उन्हाळा लागला की नुसती माती आणि काटक्या. दरवर्षी नवीन रोपं आणते तरी तेच. काय चुकतंय?

उत्तर: रोपं आणायची वेळ चुकतेय. आपण नर्सरीत जातो ते हवा छान असते तेव्हा, आणि त्या दिवशी जे फुललेलं असतं तेच उचलतो, पिटुनिया, अ‍ॅस्टर, मग सगळी बाग त्या दोनतीन महिन्यांपुरतीच होते. ही हंगामी फुलझाडं आहेत, बी धरलं की त्यांचं आयुष्य संपलं, कितीही पाणी घाला. म्हणून प्रत्येक ऋतूत एकदा तरी नर्सरीत चक्कर मारा, भर उन्हाळ्यात तर नक्कीच, तेव्हा तिथे जे टवटवीत दिसेल ते तुमच्याकडेही टिकायची शक्यता जास्त.

पण त्याही आधी एक करा. आत्ता बाग ओसाड आहे ना, मग आत्ताच मोबाईलवर फोटो काढा आणि ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. रंग गेला की लगेच कळतं बागेला काही आकार आहे की नाही, उंच काय, बुटकं काय, नजर कुठे थांबते. फोटोत सगळं सपाट दिसत असेल तर आधी एखादं छोटं झाड, दोनतीन सदाहरित झुडपं आणि नीट आखलेली पायवाट, एवढं करा, फुलांचं नंतर बघू. मला विचाराल तर निम्मी जागा पानांना द्यावी. क्रोटनला ऊन मिळालं की पानांचे रंग काय खुलतात! सावलीच्या कोपऱ्यात फर्न लावा. चाफ्याची पानं हिवाळ्यात गळतात म्हणून बरेच लोक तो टाळतात, मला तर त्याच्या उघड्या फांद्याच फार आवडतात, फक्त मागे साधी भिंत हवी.

आता फुलं. कागदावर बारा महिन्यांचे चौकोन आखा आणि तुमच्याकडचं काय कधी फुलतं ते लिहा, रिकामा चौकोन दिसेल तिथलंच झाड आणा, बाकी मोह टाळा. उन्हाळ्यासाठी मोगरा आणि बोगनवेल, जागा मोठी असेल तर बहावा. बोगनवेलीला मुळं धरल्यावर पाणी जरा कमीच द्या, जास्त दिलं की नुसती पानं वाढतात. पावसाच्या तोंडावर फुटबॉल लिली, सरी पडल्या की रेन लिली, पाऊस सरताना पारिजातक, थंडीत कुंद आणि शेवंती. जास्वंद आणि तगर तर जवळजवळ वर्षभर काही ना काही देतातच. फुटबॉल लिलीची पानं हिवाळ्यात पूर्ण जातात, कांदा मात्र मातीत जिवंत असतो, तिथे एक काडी रोवून ठेवा नाहीतर मोकळी जागा समजून कुणीतरी खणून टाकेल.

प्रश्न: शेवंती हिरवीगार आहे पण कळीच धरत नाही. कुंडी गेटच्या दिव्याखाली आहे. खत कमी पडतंय का?

उत्तर: खताचा काही संबंध नाही, दिव्याचा आहे. शेवंतीला कळी धरायला लांब आणि सलग अंधारी रात्र लागते, रात्री उजेड पडत राहिला की ती पानंच वाढवत बसते. पॉइनसेटियाचंही असंच. कुंडी अंधाऱ्या जागी हलवा आणि काही आठवडे थांबा.

प्रश्न: छाटणी एकदाच सगळ्या बागेची केली तर चालेल का? माळी बोलवायला सोपं पडतं.

उत्तर: सोपं पडतं खरं, पण मग सगळी बाग एकदमच बोडकी दिसते आणि येणारा बहारही कापला जातो. साधा नियम असा की फुलून झालं की छाटायचं. मोगरा मात्र नवीन फुटीवर फुलतो, म्हणून तो थंडी संपायच्या आत छाटा म्हणजे उन्हाळ्यात भरभरून येईल. आणि कुंपणाची झुडपं एका वेळी एकाच बाजूची कापा, दुसरी बाजू पालवी फुटल्यावर.