लस टोचणारा, लसदाता की लसवंत?

प्रश्न असा आलाय की व्हॅक्सिनेटरला मराठीत काय म्हणायचं, आणि अँटी-व्हॅक्सरला आपण लसविरोधक म्हणतो तसा लसीच्या बाजूने बोलणाऱ्यासाठी एखादा सुटसुटीत शब्द आहे का.

पहिल्याचं उत्तर बोलण्यात केव्हाचं तयार आहे, लस टोचणारा किंवा टोचणारी, आणि समोर कोण आहे ते माहीत असेल तर नुसतं नर्सबाई नाहीतर सिस्टर. कागदावर एकच शब्द हवा म्हणून लसटोचक करता येईल, पण पोलिओची लस तोंडातून देतात तिथे टोचतंय कोण? तिथे आपण पोलिओ पाजला म्हणतो. त्यामुळे सगळीकडे चालेल असा साधा 'लस देणारा'च बरा. लसीकरणकर्ता फक्त फॉर्मवर शोभतो, आणि लसकार म्हटलं की चित्रकार, शिल्पकार यांच्यासारखा लस बनवणारा डोळ्यासमोर येतो.

लसदाता पण सुचवलाय कुणीतरी. रक्तदात्यामुळे तो ऐकला की वाटतं या माणसाने स्वतःच्या अंगातली लस काढून दिली! गंमत म्हणजे एके काळी हे खरंच होत होतं. एडवर्ड जेनर या इंग्रज डॉक्टरने १७९६ मध्ये देवीच्या रोगापासून बचाव म्हणून गोस्तन देवीची, म्हणजे गायींना होणाऱ्या देवीची, लस टोचली, ती १८०२ मध्ये मुंबईत पोचली आणि ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली, मग तिच्या दंडावरच्या फोडातला द्रव घेऊन पुढच्या मुलांना. एका दंडावरून दुसऱ्या दंडावर, अशीच लस पुढे जायची. जखमेतून पाझरतं त्या चिकट पाण्यालाही आपण लसच म्हणतो, तेव्हा लसदाता त्या लहान मुलांनाच शोभला असता, टोचणाऱ्याला नाही. टोचणाऱ्यासाठी जुना शब्दप्रयोग होता 'देवी काढणारा'. १९८० मध्ये देवी जगातून गेल्याचं जाहीर झालं आणि तो शब्दही बोलण्यातून जवळपास गेलाच.

आता बाजूने बोलणारा. लससमर्थक व्याकरणाला बरोबर आहे पण दोन स लागोपाठ आल्याने जीभ अडखळते, म्हणून लसीकरण समर्थक किंवा सरळ 'लसीच्या बाजूचा'. लसवादी मला नको वाटतो, वादी लागला की पंथ असल्यासारखं वाटतं. मुळात ज्याला बहुतेकांची हरकत नसते त्याच्या समर्थकाला वेगळं नाव लागतच नाही, ते लागतं भांडण पेटल्यावर. इंग्लंडमध्ये १८५३ ला बाळांना लस सक्तीची झाली, विरोध वाढत गेला आणि १८९८ ला सद्सद्विवेकबुद्धीच्या कारणावरून सूट द्यावी लागली, असल्या वादातच व्हॅक्सिनेशनिस्टसारखे शब्द चालतात.

आणि कोविडच्या काळात पेपरांनी चालवलेला लसवंत इथे वापरू नका. भाग्यवंत, गुणवंत यांच्या चालीवर झकास जमलाय तो, पण त्याचा अर्थ लस घेतलेला एवढाच. प्रवासाची परवानगी मिळावी म्हणून नाक मुरडत दंड पुढे करणारेही लसवंतच होते की.