१९ लाखांवर सही करायची का?

ताई, तुमच्या पत्रातले आकडे आधी मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही प्रश्न कळेल. ऑगस्ट २०२२ मध्ये एका रविवारी लग्नाहून परतताना तुमच्या यजमानांच्या मोटारसायकलला टेम्पोने उडवलं. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तेव्हा त्यांचं वय ३८. शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये ते व्हीएमसी (संगणकावर चालणारं धातू कापायचं यंत्र) ऑपरेटर होते. महिन्याला २२,००० मिळायचे. त्यातले १५,००० खात्यावर आणि ओव्हरटाइमचे ७,००० पाकिटातून. आता गावच्या दूध संस्थेत संकलनाला बसतात, ८,००० मिळतात. दाखला ६० टक्के अपंगत्वाचा आहे. दवाखान्याचं बिल ३ लाख ८० हजार झालं, त्यासाठी काढलेल्या पतसंस्थेच्या कर्जातले ४ लाख अजून बाकी, व्याज १४ टक्के. दावा फेब्रुवारी २०२३ मध्ये दाखल झाला. आता विमा कंपनी लोकअदालतीत व्याजासकट १९ लाख द्यायला तयार आहे. वकील म्हणतात घ्या. दीर म्हणतात घ्या, कर्ज फेडा आणि उरलेल्यात दोन गुंठे जागा घ्या. तुम्ही विचारलंय की घ्यावेत का, आणि त्यातले दोन-तीन लाख लावून, उपचारात उशीर केला म्हणून पहिल्या दवाखान्यावर केस करावी का.

१९ लाखांवर सही करू नका. लोकअदालतीला मात्र जा.

हे मी कशावरून म्हणतो, ते कागदावर मांडून बघा. अपघात दाव्यातली भरपाई अंदाजाने ठरत नाही, तिला सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली रीत आहे. २००९ च्या सरला वर्मा निकालात वयानुसार गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं ते आकडे, ठरले; ३६ ते ४० वयाला १५. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने पुढची पगारवाढही धरायला सांगितली. चाळिशीच्या आतल्या, कायम नोकरी नसलेल्या माणसाला ४० टक्के. माणूस दगावला तर त्याचा स्वतःचा खर्च वजा करतात, जखमी असेल तर करत नाहीत.

आधी कंपनीच्या बाजूने हिशेब करू. समजा पाकिटातले ७,००० कोर्टाने मानलेच नाहीत. १५,००० चे वर्षाला १,८०,०००, त्यात ४० टक्के वाढ धरून २,५२,०००, गुणिले १५ म्हणजे ३७,८०,०००. कंपनी म्हणते, हा माणूस बसून काम करतोय, कमाईचं नुकसान ४० टक्केच धरा. आले १५,१२,०००. यात दवाखान्याची बिलं ३,८०,००० आणि वेदना, कृत्रिम पाय, पुढचे उपचार याचे मी हात आखडून ४ लाख धरतो. बेरीज २२,९२,०००. अपघातात तुमच्या यजमानांचीही २५ टक्के चूक होती असं कंपनीचं म्हणणं आहे, तेही खरं धरू. राहिले १७,१९,०००. दावा दाखल झाल्यापासून तीन वर्षांचं ७ टक्के सरळ व्याज लावलं की २० लाख ८० हजार होतात.

म्हणजे एकूण एक मुद्दा हरलात तरी जे मिळेल, त्यापेक्षाही ही ऑफर कमी आहे.

आता जरा बरं चित्र बघू. पगार १५,००० च, पण नुकसान दाखल्याप्रमाणे ६० टक्के आणि चूक पूर्ण टेम्पोची. कमाईचे २२,६८,०००, वरचे ७,८०,०००, एकूण ३०,४८,०००. व्याजासकट जवळपास ३६ लाख ९० हजार. पाकिटातले ७,००० सिद्ध झाले तर आकडा आणखी चढतो, पण त्याच्या भरवशावर मी राहणार नाही. रोखीच्या पगाराला मालकाची साक्ष लागते, आणि मालक कोर्टाची पायरी चढायला सहसा राजी नसतो. तरी एकदा विचारून बघा.

खरी लढाई ४० टक्के की ६० टक्के, यावर आहे. दाखल्यावरचा आकडा कोर्ट जसाच्या तसा उचलतं असं नाही. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालानुसार, त्या माणसाच्या कामावर आणि कमाईवर किती परिणाम झाला हे बघायचं असतं. व्हीएमसीवर आठ-आठ तास उभं राहून जॉब चढवायचे, उतरवायचे. ते काम गेलं. २२,००० चे ८,००० झाले. दूध संस्थेच्या पगाराचा पुरावा कंपनी तुमच्याविरुद्ध वापरू पाहील, पण तोच कागद तुमच्याही कामाचा आहे.

मग वकील "घ्या" का म्हणतात? त्यांच्या बाजूनेही बोलायला हवं. न्यायाधिकरणाचा, म्हणजे अपघाताचा दावा चालतो त्या कोर्टाचा, निकाल लागला तरी कंपनी उच्च न्यायालयात अपील करू शकते, रक्कम तिथे अडकते, आणि वर्षं जातात. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, पैसा लवकर हातात येतो. (वकिलांची फीसुद्धा लवकर येते, हेही लक्षात असू द्या.) कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्याने अपिलासाठी मुंबईच्या खेपा तरी वाचल्या. पण अपील नसणं हे दोन्ही बाजूंना लागू आहे. उद्या पायाच्या उरलेल्या भागावर पुन्हा शस्त्रक्रिया लागली, तर फुल अँड फायनल सही केल्यावर एक रुपयाही मागता येणार नाही.

तुमच्या पत्राच्या ओळी वाचताना मला वाटतं, घाई १९ लाखांची नाही, पतसंस्थेची आहे. तर तेही मोजू. ४ लाखांवर १४ टक्के म्हणजे वर्षाला ५६,०००. दुसरीकडे ३० लाखांच्या दाव्यावर ७ टक्क्यांनी व्याज धरलं, तर वर्षाला २ लाख १० हजार चढतात. व्याजाचा दर कोर्टाच्या हातात असतो आणि ते पैसे आज दिसत नाहीत, हप्ता मात्र दर महिन्याला दारात उभा राहतो, हे मान्य. घरात सोनं असेल तर बँकेच्या सोनेतारण कर्जाचा दर विचारा; १४ पेक्षा कमी मिळाला तर पतसंस्था मिटवा आणि निवांत बोलणी करा.

बोलणीत माझा आकडा २८ लाख. सगळं हरल्यावरचे २०.८ आणि बऱ्यापैकी जिंकल्यावरचे ३६.९ यांच्या मध्यापेक्षा जरासा अलीकडचा. २८ मिळत असतील तर मी तुम्हाला अपिलात चार वर्षं थांबा म्हणणार नाही, सही करा. २५ वर अडले तर उठून या. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चारदा भरते.

दवाखान्याचं. पहिल्या ठिकाणी रात्रभर ठेवून घेतलं आणि कोल्हापूरच्या डॉक्टरांनी "सहा तास आधी आणलं असतं तर पाय वाचला असता" असं म्हटलं, हे वाचून कुणाचंही मन कडू होईल. पण पैसे घालू नका. ग्राहक आयोगाकडे तक्रार दोन वर्षांत करावी लागते. ती मुदत ऑगस्ट २०२४ मध्ये संपली. उशीर माफ होतो, पण ठोस कारण लागतं. तज्ज्ञाचं लेखी मत लागेल, तोंडी वाक्य चालणार नाही. शिवाय नियमानुसार डॉक्टरांनी कागदपत्रं तीन वर्षंच जपायची असतात. आणखी एक धोका आहे. पाय डॉक्टरांमुळे गेला असं तुम्हीच लिहून दिलंत, तर अपघातामुळे गेला नाही असं म्हणायला विमा कंपनीचे वकील मोकळे. या विषयावर कुठेही सही करण्याआधी तुमच्या वकिलांना हे विचारा.

आता दोन गुंठ्यांचं. जागा महिन्याला काही देत नाही, आणि तुमच्या घरात महिन्याला १४,००० चं खिंडार पडलं आहे. २८ लाखांतून वकिलांचे १० टक्के धरले तर २ लाख ८० हजार आणि कर्जाचे ४ लाख जाऊन २१ लाख २० हजार उरतात. कृत्रिम पाय दर काही वर्षांनी बदलावा लागतो, त्यासाठी ३ लाख वेगळ्या ठेवीत टाका. दोघांच्या नावे पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत १५ लाख ठेवता येतात, सध्याच्या ७.४ टक्क्यांनी महिन्याला ९,२५० येतील. राहिलेल्या ३ लाख २० हजारांतले निम्मे अडीअडचणीला बँकेत, निम्मे मुलांसाठी इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणारा म्युच्युअल फंड). पोस्टाचं व्याज महागाईबरोबर वाढत नाही, म्हणून तो फंड. हेच १९ लाखांत केलं, तर फी, कर्ज आणि पायाची ठेव जाऊन १० लाख राहतात, म्हणजे महिन्याला ६,२०० च्या आत. त्यात दोन गुंठे घेतले तर तेही नाहीत.

भरपाईच्या मूळ रकमेवर आयकर नाही. दावा दाखल झाल्यापासून निकालापर्यंतचं व्याजही करपात्र उत्पन्न नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलं आहे.

वकिलांची फी किती आणि कोणत्या रकमेवर, हे लिहून घ्या. निकालावर टक्केवारीने फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे, तरी ती सर्रास चालते. पैसे यजमानांच्या स्वतःच्या खात्यातच यायला हवेत. कोरे चेक सही करून कुणाकडेही ठेवू नका, "नुसती फॉर्मॅलिटी आहे" म्हणाले तरी.

आणि पासबुक काढा. २०२२ च्या मे अखेरीस किंवा जूनमध्ये २० रुपये कापल्याची नोंद दिसते का बघा. दिसली तर तो प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता. अपघातात एक पाय गेला तर त्यात १ लाख मिळतात, आणि टेम्पोच्या विम्याशी त्याचा संबंध नाही. दावा करायला खूप उशीर झालाय, पण एफआयआर आणि दाखल्याची प्रत घेऊन बँकेत जाऊन या.