गावच्या घराचा सेप्टिक टँक पावसाळ्यात तुंबतो. त्यात जिवाणूंची पावडर किंवा शेणकाला टाकावा का?

पावडर नको, शेणकालाही नको. लागणारे जिवाणू मैल्यातूनच टाकीत येतात. शेणाने उलट गाळ वाढतो. दुकानदार पावडर विकणारच, त्याचा तो धंदा आहे.

फक्त पावसाळ्यातच तुंबत असेल तर माझा संशय टाकीपेक्षा शोषखड्ड्यावर, म्हणजे टाकीतून बाहेर पडणारं पाणी जमिनीत जिरवणाऱ्या खड्ड्यावर. जमिनीतलं पाणी वर आलं की खड्डा पाणी ओढत नाही आणि संडासात पाणी हळूहळू उतरतं. पागोळ्यांचं, अंगणातलं पाणी त्या बाजूला जातंय का ते आधी बघा. जात असेल तर चर मारून वळवा. बाथरूमचं पाणी टाकीत सोडलं असेल तर तेही वेगळं काढा. जास्त पाणी आलं की गाळ खाली बसायला वेळच मिळत नाही, तो वाहत जाऊन खड्ड्याची छिद्रं बुजवतो. एकदा बुजलेला खड्डा सुधारणं महागात पडतं.

टाकी 2-3 वर्षांनी उपसून घ्या, शक्यतो उन्हाळ्यात. फायबरची टाकी असेल तर भर पावसात पूर्ण रिकामी करू नका, खालच्या पाण्याच्या दाबाने ती वर उचलली जाते.

अ‍ॅसिड रोज ओतू नका. सॅनिटरी पॅड, डायपर तर अजिबात नको. टाकीच्या गॅसपाइपच्या तोंडाला मच्छरजाळी बांधा.

उपसायला सक्शनची गाडीच बोलवा. सुरक्षा साधनांशिवाय माणूस आत उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आतल्या वायूने मिनिटांत जीव जातो. झाकण उघडून वाकून बघू नका, काडी तर मुळीच पेटवू नका.