रोज पन्नास शब्द पाठ केले तर इंग्रजी शब्दसंग्रह वाढतो का?

नाही वाढत. यादी तेवढी लांबते.

तुम्ही लिहिलंय की रोज पन्नास शब्द पाठ करता, पण लिहायला बसलं की एकही आठवत नाही. आठवत नाही हे बरंच आहे. मला आठवला होता.

१९९६ साली मी नागपुरात बर्डीवरच्या एका ऑफिसात नवीन लागले होते. मोठे साहेब रिटायर होणार होते आणि इंग्रजी मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. माझ्याजवळ दादाने क्लासमधून आणलेली झेरॉक्स यादी होती. डावीकडे शब्द, उजवीकडे एका शब्दात अर्थ. 'एग्रीजियस : असाधारण'. मी साहेबांच्या तीस वर्षांच्या 'एग्रीजियस सर्व्हिस'बद्दल लिहिलं. टाइप झालं, फ्रेम झाली, सगळ्यांसमोर मीच वाचलं. साहेबांनी फ्रेम हातात घेतली, त्या ओळीवर क्षणभर थांबले आणि ती टेबलावर उलटी ठेवून सगळ्यांना नमस्कार केला. संध्याकाळी मला केबिनमध्ये बोलावलं, ऑक्सफर्डची डिक्शनरी पुढे सरकवली आणि म्हणाले, "बेटा, हे वाच." अत्यंत वाईट, धडधडीत वाईट, असा अर्थ होता. रागावले नाहीत. त्याचंच मला जास्त लागलं.

शब्दाचं मूळ लॅटिन, 'कळपातून वेगळा'. सोळाव्या शतकात तो कौतुकाने वापरत, मग अर्थ फिरला. यादीतला अर्थ चारशे वर्षांपूर्वीचा होता. दादा अजूनही म्हणतो, "यादी बरोब्बर होती नं, तूच घाई केली." घाई नाही दादा. त्या यादीत वाक्यच नव्हतं.

शब्द कोणासोबत राहतो ते बघा. नागपूरचं ऊन कडक असतं, चहा कडक असतो, पाऊस कडक नसतो, हे आपल्याला कोणी पाठ करून दिलं नाही. इंग्रजीतही चहा 'स्ट्राँग' आणि पाऊस 'हेवी'. म्हणून वहीत सुटा शब्द लिहूच नका. वाचताना जिथे भेटला ते अख्खं वाक्य उतरवा, खाली स्वतःचं एक लिहा. दिवसाला तीन पुरेत. आणि जमेल तिथे शब्दाचा प्रवास शोधा. आपल्या संत्र्याला इंग्रजीत जे 'ऑरेंज' म्हणतात ते संस्कृत 'नारंग'च आहे. फारसी, अरबी असं करत युरोपात गेलं आणि पुढे सुरुवातीचा 'न' गळाला. स्पॅनिशमध्ये तो अजून आहे, 'नारांखा'. हे एकदा कळलं की विसरता येत नाही.

स्पर्धा परीक्षा दोन महिन्यांवर असेल तर मात्र समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांची यादी पाठ करा, तिथे इलाज नाही. तुमची परीक्षा आहे की नाही ते तुम्ही लिहिलं नाही.

मागच्या रविवारी महाल भागात दादाकडे गेले होते. पुतण्या तीच यादी नव्या वहीत उतरवत होता. मी पेन मागून घेतला, 'असाधारण' खोडलं आणि पुढे पूर्ण वाक्य लिहून दिलं. दादा समोरच बसला होता, काही बोलला नाही.